घोड्याचा डावा पाय

"मागचा पाय अजूनही जमिनीत जातोय."

आवाज अगदी कानामागून आला. तिने दचकून लॅपटॉप असा काही मिटला, की समोरच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या आजोबांनी डोळे उघडले. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीबाहेर, चालू असलेला प्लग एकच. त्याच्या शेजारची खुर्ची तिने सकाळी आठपासून अडवून ठेवली होती. ऑफिसच्या समजुतीप्रमाणे ती या वेळी घरी बसून काम करत होती. आणि तिच्या घोड्याचा पाय जमिनीत जातो, हे ऑफिसबाहेरच्या कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं.

वळून पाहिलं, तर एक उंच, किडकिडीत तरुण. उजव्या मनगटाला पट्टा. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचे भाव... तिच्या चेहऱ्यावर होते अगदी तसेच.

"तुम्ही... कोण?"

"तुमचा..." त्याने मनगटावरचा पट्टा चाचपला. "तुमचा टेस्टर. चौथ्या मजल्यावरचा."

"शंकासुर?"

शब्द तोंडातून निसटला. तिने जीभ चावली.

"समोर कुणी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण हो. तोच."

गेले आठ महिने या माणसाने तिच्या नाकी नऊ आणले होते. गेममधल्या जनावरांना चालवणं, पळवणं हे तिचं काम. दिवसभर तो गेम खेळून त्यातल्या चुका तिला लिहून पाठवणं हे त्याचं. कोल्ह्याची शेपटी दारातून आरपार जाते. कृपया पाहावे. गाय उतारावर तरंगते. कृपया पाहावे. दोघांची कधी गाठ पडली नव्हती, पण त्या 'कृपया'ची तिला भारी चीड. कुणीतरी पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, चहातही खोट काढणारा गृहस्थ असणार, अशी तिची खात्री होती. हा तर बरा होता. बराच बरा होता.

"तुम्ही इथे कसे?" तिने विचारलं.

"दाताला आलोय."

"हे हाडांचं हॉस्पिटल आहे."

"ऑफिसला तसं सांगितलंय." त्याने पट्ट्याचा हात पाठीमागे नेला. "आणि तुम्ही?"

"मी घरी आहे," ती म्हणाली. "ऑफिसला तसं सांगितलंय."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले आणि मग एकदमच हसले. तिला आठवेना, आपण शेवटचं कधी हसलो होतो.

खोटं बोलायची हौस दोघांनाही नव्हती. पण त्यांच्या स्टुडिओचा प्रमुख मोठा प्रेमळ होता, आणि तीच पंचाईत होती. 'सर' म्हटलेलं त्याला खपायचं नाही, 'दादा' म्हणायचं. "आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत," असं तो दर सोमवारी सांगायचा. मागे एका टेस्टरने हाताच्या दुखण्याचा डॉक्टरांचा कागद आणून दिला, तर दादाने त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. "आधी तब्येत!" म्हणाला. पुढच्या महिन्यात त्या टेस्टरचा करार संपला आणि तो काही पुन्हा झाला नाही. म्हणूनच दिवसाला नऊ तास बटणं दाबून मनगट सुजलं, तरी शंकासुराने दाताचं नाव पुढे केलं होतं.

तिचं दुखणं बाबांचं होतं. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बापलेक दोघंच. बाबांच्या मणक्यात गाठ होती. ती काढली नाही तर पाय जाणार, आणि काढताना नसेला धक्का लागला तरी पाय जाणार. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. आणि गेमही नेमका गुरुवारीच बंद होणार होता, म्हणजे त्यानंतर त्यात काडीचा बदल करता येणार नव्हता. तिने सुट्टी मागितली, तेव्हा दादाच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी आलं होतं.

"अगं, जा ना! बाबा आधी. कोण अडवतंय? फक्त लॅपटॉप जवळ असू दे," तो म्हणाला होता. मग जरा थांबून, "गेम बाजारात गेला की टीम लहान करायचीय, तुला माहीतच आहे. अशा वेळी कोण किती उभं राहतं, ते वरचे लोक बघतात गं."

ऑपरेशन ऑफिसच्याच विम्यावर होतं. तिने मान डोलावली आणि लॅपटॉप जवळ ठेवला.

हे सगळं ती एका अनोळखी माणसाला का सांगत सुटली, तिचं तिला कळलं नाही. तेवढ्यात एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. भिंतीला हात लावत, सावकाश. उजवं पाऊल नीट पडायचं. डावं मात्र उशिरा उचललं जायचं, क्षणभर अधांतरी राहायचं, आणि मग पाण्याचा अंदाज घेतल्यासारखं हलकेच टेकायचं.

शंकासुर बघतच राहिला. एकदा बाबांच्या पायाकडे, एकदा तिच्याकडे.

तिच्या लगेच लक्षात आलं. सोमवारीच त्याने लिहून पाठवलं होतं... म्हातारा घोडा डावा पाय उशिरा उचलतो. चाल सदोष. कृपया पाहावे.

"हो," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "बाबांचीच आहे. माझ्या नकळत आली हातून. काढून टाकते आज. सदोष म्हणालाय ना तुम्ही..."

तो खिशातून फोन काढून डाव्या अंगठ्याने, अडखळत अडखळत, काहीतरी लिहीत राहिला. तिच्या मांडीवरचा लॅपटॉप वाजला. तिने उघडून पाहिलं. त्याने स्वतःचीच तक्रार मागे घेतली होती आणि खाली लिहिलं होतं: हा दोष नाही. ही चाल आहे. कृपया बदलू नये.

तिने ते तीनदा वाचलं. त्या 'कृपया'ची चीड कुठे गेली कोण जाणे.

"हे कोण गं?" जवळ येत बाबांनी विचारलं.

"ऑफिसमधले आहेत, बाबा."

"अरे बापरे! ऑफिस इथपर्यंत आलं?"

पुढच्या आठवडाभरात शंकासुराच्या दाताला चारदा हॉस्पिटल गाठावं लागलं. मनगटाचे व्यायाम अर्ध्या तासात संपायचे, पण तो दीड-दीड तास रेंगाळायचा. ती बाबांना तपासणीला नेई, तेव्हा प्लगची खुर्ची राखायचा. चहा आणायचा... डाव्या हाताने, त्यामुळे निम्मा बशीत. बाबांना हा प्राणी फार आवडला. "हा मुलगा लिफ्टमध्ये शिरण्याआधी लिफ्टची परीक्षा घेतो," ते म्हणायचे.

आणि शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून तो तिला फोनवर निरोप पाठवायचा.

'अ‍ॅनिमेटर सकाळपासून हसलेली नाही. कृपया पाहावे.'

'असं काही आढळलं नाही,' ती लिहायची. 'पुन्हा घडवून दाखवा.'

'रोज घडतंय. हसली की मात्र टेस्टरला काम सुचत नाही.'

ती मान वर करायची नाही. पण ओठांचे कोपरे तिचं ऐकायचे नाहीत, आणि ते त्याला बरोबर दिसायचं. मग एकदम गुरुवार आठवायचा. बाबा पायांवर परत येतील ना? बाबा आत असताना दादाचा फोन आला तर? घ्यायचा? नाही घेतला तर?

गुरुवार उजाडला. बाबांना दहाला आत न्यायचं होतं. साडेनऊला दादाचा निरोप आला. म्हातारा घोडा पुलावरून जाताना पाय फळीत जातोय, बारापर्यंत दुरुस्त हवा. 'तुझ्यावर विश्वास आहे.' पुढे लाल बदाम.

तिने कॉटशेजारी बसून लॅपटॉप उघडला.

"कर तू काम," बाबा म्हणाले. "नोकरी सांभाळ. माझं काय, मी झोपणारच आहे."

फाइल उघडते न उघडते तोच वॉर्डबॉय आले. कॉट चाकांवर निघाली. ती उठली... एका हाताने कॉटची कड धरलेली, दुसऱ्या हातावर उघडा लॅपटॉप, जणू चहाचा ट्रे. पडद्यावर घोडा पुलावर यायचा, पाय रुतायचा, पुन्हा मागे जायचा. खांद्यावरच्या पिशवीत फोन वाजत होता. लोक वळून बघत होते.

"पडेल गं तो," बाबा म्हणाले.

"कोण?"

"लॅपटॉप."

ती थांबली. कॉटही थांबली होती. समोर ऑपरेशन थिएटरचं दार होतं. एवढा लांब व्हरांडा बाबा तिच्याकडे बघत आले होते आणि ती घोड्याकडे. तिला स्वतःची अशी लाज वाटली, की रडूच फुटायचं बाकी राहिलं. तिने लॅपटॉप मिटला. फोन घेतला.

"दादा, बाबांना आत नेतायत. मी आज काम करणार नाही."

"अगं, पाच मिनिटांचं तर..."

"नाही."

पलीकडच्या आवाजातला सगळा ओलावा आटला. "ठीक आहे. सोमवारी बोलू आपण. तुझ्या जागेबद्दल."

तिने फोन ठेवला आणि दोन्ही हात बाबांच्या गालांवर ठेवले. वॉर्डबॉयने थोडं थांबून दार ढकललं.

पाऊण तासाने जिन्यावरून धापा टाकत शंकासुर आला.

"आज तुमचा व्यायामाचा दिवस नाही," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते.

"आज दाताचं सांगितलं नाही." तो शेजारी बसला. "मीटिंगमध्ये दादा म्हणाले, ती ऐनवेळी पाठ दाखवून गेली. सगळ्यांसमोर. मग मी उठलो. म्हटलं, तिचे बाबा या क्षणी ऑपरेशन टेबलवर आहेत. आणि हे माझं मनगट, सहा महिने लपवतोय. हा डॉक्टरांचा कागद."

"मग?"

"मग..." तो कसनुसं हसला. "दादांनी मला मिठी मारली."

"अहो!" तिने तोंडावर हात ठेवला. "वेडे आहात का तुम्ही? माझ्यासाठी कशाला..."

"तुमच्यासाठी नाही. म्हणजे... थोडं. बरंचसं." त्याने पट्ट्याचं टोक सोडलं, पुन्हा लावलं. "पण मनगट माझंच आहे ना."

"आणि तो पूल?"

"दोन बोटं जातो पाय. किरकोळ, असं लिहून आलोय."

"खरं सांगा. मला वाईट वाटू नये म्हणून तर नाही ना?"

"किरकोळच आहे. चुकांच्या बाबतीत मी खोटं लिहीत नाही. तुमच्यासाठीसुद्धा."

अकरा वाजले, बारा वाजले. थिएटरचं दार उघडलं की ती उठून उभी राहायची, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. चार तास म्हणाले होते, साडेचार झाले.

"बाबा चालतील ना हो?" तिने शेवटी विचारलंच.

दुसऱ्या कुणीही चटकन हो म्हटलं असतं. तो विचार करत राहिला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण काहीही झालं तरी मी इथून हलणार नाही."

त्या उत्तराने तिला जेवढा धीर आला, तेवढा सकाळपासून आलेल्या 'सगळं छान होईल'च्या एकाही फोनने आला नव्हता. तेव्हाच, औषधांच्या वासात, त्या कडक खुर्चीवर, तिला कळून चुकलं की आपलं या माणसावर प्रेम बसलंय.

"पेशंटचे नातेवाईक?" सिस्टर दारात उभ्या होत्या. "शुद्धीवर येतायत. पाय हलतात का, ते डॉक्टर आता बघतील. एकालाच आत सोडीन." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "हे कोण?"

तो चटकन मागे सरला. "मी नाही... म्हणजे, मी नातेवाईक नाही."

"अजून नाही," ती म्हणाली आणि आत गेली. मागून त्याचा "काय?" ऐकू आला, पण दार लागलं होतं.

बाबांच्या तोंडावर मास्क होता, डोळे अर्धे उघडे. डॉक्टरांनी पायांवरची चादर बाजूला केली. "काका, उजव्या पायाची बोटं हलवा." हलली. "आता डाव्या."

काही नाही.

अ‍ॅनिमेशनच्या कामामुळे सेकंदाचे चोवीस तुकडे पाडून बघायची तिच्या डोळ्यांना सवय. एक सेकंद गेला, दोन गेले. ती नुसती त्या अंगठ्याकडे बघत होती. तिसरा गेला, चौथा... आणि मग, नेहमीसारखा उशिरा, अंगठा हलला. आधी जेमतेम, मग चांगला वर उचलला गेला आणि हलकेच खाली टेकला.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा तो तिथेच, तसाच उभा होता. तिने हात वर केला आणि अंगठा वाकवून दाखवला. पुन्हा एकदा वाकवला.

"दोन्ही?"

तिने मान डोलावली.

"डावा पण?"

"डावा पण!"

तो मटकन खुर्चीत बसला आणि मनगटाच्या पट्ट्याने डोळे पुसायला लागला. ती शेजारी बसली. बराच वेळ दोघंही रडत होती, हसत होती, आणि पिशवीतला फोन वाजून वाजून थकला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मघाशी ते... 'अजून नाही'... म्हणजे नक्की काय? माझा ऐकण्यात काही घोटाळा तर..."

"किती शंका काढतोस रे!" ती म्हणाली. तिने त्याचा दुखरा हात जपून आपल्या हातात घेतला, सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि बाबांना खोलीत आणेपर्यंत तिथून हलली नाही.