पाहुण्यांची भाषा

मी त्याला आयरिशमध्ये रस्ता विचारला आणि त्याने तो मला इंग्रजीत सांगितला. आमचं भांडण तिथूनच सुरू झालं.

भांडण म्हणजे माझ्या बाजूने. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. रॉसबानच्या धक्क्यावर तो ओल्या शेवाळाचे भारे ट्रॉलीत चढवत होता, भुरभुर पाऊस पडत होता, आणि मी गाडीची काच खाली करून अख्ख्या प्रवासात घोकलेलं वाक्य म्हटलं. चार शब्दांचं वाक्य — म्हातारी पेगी कुठे राहते. त्याने कपाळावरचं पाणी पुसलं, माझ्याकडे नीट बघितलं... आणि पाहुण्याशी बोलावं तशा स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "त्या पिवळ्या दारापर्यंत सरळ जा, मग डावीकडे. रस्ता खराब आहे, गाडी जपून चालव."

डोळे करडे होते त्याचे. रागातही ते मी टिपलं, खोटं कशाला बोलू.

मी रिओना. डब्लिनची, पण बारा वर्षांची होईपर्यंत लिव्हरपूलला वाढले. त्यामुळे परत आल्यावर शाळेत आयरिशमधून सूट मिळाली आणि बाकीची मुलं क्रियापदं पाठ करत असताना मी खिडकीतून बाहेर बघत बसले. त्या सवलतीची किंमत सत्ताविसाव्या वर्षी कळली. रॉसबानच्या दवाखान्यात नर्सची जागा मिळाली ती सहा महिन्यांच्या बोलीवर. नोव्हेंबरमध्ये तोंडी परीक्षा. आयरिशमध्ये रुग्णांशी बोलता आलं तर कायम, नाही तर डब्लिनला परत. आणि मला परत जायचं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं होतं की हा वारा, हे काळे खडक आणि हे हट्टी लोक माझे आहेत. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

लोकांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. मी दुकानात आयरिशमध्ये दूध मागितलं की दुकानदार इंग्रजीत हसायचा. पोस्टातली बाई, चर्चमधले पाद्री, शाळेबाहेरच्या आया... मी तोंड उघडलं रे उघडलं की सगळे भराभर इंग्रजीवर यायचे. पेगीची तर कमालच. गुडघा दुखतो का विचारलं की इंग्रजीत "मी ठणठणीत आहे" म्हणायची, आणि मी बॅग आवरायला लागले की आपलं खरं दुखणं आयरिशमध्ये मांजरीला सांगायची. मला त्यातलं काहीही कळत नसे. मांजरीला सगळं कळायचं.

धक्क्यावरच्या त्या माणसाचं नाव कोईलीन. मी जिच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या नानचा तो भाचा, म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. ओहोटीला खडकांवरचं शेवाळ कापायचं, दोराने बांधून त्याचा मोठा तराफा करायचा आणि भरती आली की तो ओढत धक्क्याला आणायचा, हा त्याचा धंदा. संध्याकाळी आत्याकडे चहाला येऊन बसायचा. माझ्याशी बोलायचा इंग्रजीत, आणि काय बोलायचा... माझ्या गाडीला त्याने "सार्डीन माशांचा डबा" असं नाव ठेवलं होतं, म्हणून मी सार्डीन. मी त्याच्या टोपीला नावं ठेवली. तो म्हणाला, डब्लिनच्या लोकांना पाऊस लागला की ते विरघळतात असं ऐकलंय. मी म्हटलं, उभं राहून बघ की मग, कोण आधी विरघळतं ते. आम्ही दोघं हसायचो आणि नान चहात साखर ढवळता ढवळता आमच्याकडे काळजीने बघायची.

ती काळजी कसली, ते मला जूनमध्ये कळलं. मी धक्क्यावरून जात होते आणि तो आपल्या कुत्र्याशी आयरिशमध्ये बोलत होता. तोच माणूस, पण आवाज दुसराच. खालच्या पट्टीतला, संथ, कसलीच घाई नसलेला. तो आवाज माझ्याशी कधीच बोलला नव्हता. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला, चक्क हेवा.

त्या दुपारी मी नानला सरळच विचारलं. नानने सोडा घातलेला पाव कापला, लोण्याचा जाड थर लावून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "बस पोरी. हे आमचं खूळ आहे. परक्याला अडखळत बोलायला लावणं आम्हाला उद्धटपणा वाटतो, म्हणून आम्ही इंग्रजीवर येतो. आणि एकदा एखाद्याशी ज्या भाषेत ओळख झाली ना, की मग तोंड त्याच भाषेत उघडतं. माझी बहीण घे. लंडनमध्ये नाचाला गेली होती, तिथे नवऱ्याशी पहिली गाठ पडली ती इंग्रजीत. दोघंही इथलेच. चाळीस वर्षं संसार केला, पण एकमेकांशी आयरिश बोलायची त्यांना लाज वाटायची. पोरांना आली नाही ती नाहीच."

"आणि कोईलीन?"

नानने पावाचे कण गोळा केले. कोईलीनने ते घर लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्या घरात माझीच भाषा बोलली जाईल, असा त्याचा पण होता. दोन वर्षांपूर्वी गॉलवेची एक मुलगी त्याला आवडली होती. तेही सगळं इंग्रजीतच झालं. पुढे त्याला ते बदलता येईना आणि तिला बदलायचं नव्हतं, म्हणून त्याने ते तिथेच सोडलं. "बरेच दिवस जेवला नाही धड," नान म्हणाली. "आता तू आलीस, आणि तो पुन्हा तेच करतोय."

मी पाव संपवला. हिशेब सोपा होता. आयरिश आली नाही तर नोकरी जाणार होती. आणि असंच गोड गोड इंग्रजी बोलत राहिले तर कोईलीन. मला दोन्ही हवं होतं. कोईलीन जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले. तो दोर गुंडाळत होता. मला बघून इंग्रजीत "काय गं सार्डीन" म्हणणार, इतक्यात मी हात वर केला आणि मला येत होती ती सगळी आयरिश एका दमात म्हणून टाकली. माझं नाव रिओना. मी डब्लिनची. मी नर्स आहे. मी तुला ओळखत नाही. तू कोण?

तो बघतच राहिला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं. त्याने दोर खाली ठेवला, हात पँटला पुसले, टोपी काढली आणि इथे मोठ्या माणसाला ओळख देतात तशी बापाच्या आणि आजोबाच्या नावासकट ओळख दिली. कोईलीन मार्टिन पादरिक. मला म्हणाला — त्या खालच्या आवाजात, कुत्र्याशी बोलायच्या आवाजात — "तुला भेटून आनंद झाला." तेवढं मला कळलं. हातात हात घेतला तेव्हा शेवाळाचा खारट वास आला आणि मला हात सोडावासा वाटेना... त्यालाही घाई नव्हती.

त्या दिवसापासून आमच्यात इंग्रजी बंद.

हे बोलायला सोपं वाटतं. पण माझी जीभ म्हणजे माझं हत्यार, तेच मी काढून ठेवलं होतं. टोमणा सुचायचा इंग्रजीत, आणि तो आयरिशमध्ये रचेपर्यंत चहा गार व्हायचा. ज्याच्यासमोर मला सगळ्यात हुशार दिसायचं होतं, त्याच्यासमोर मी चार वर्षांच्या मुलीसारखी "कुत्रा मोठा आहे, पाऊस ओला आहे" असलं काहीतरी बोलत बसायचे. तो कधी हसला नाही. वाक्याच्या मध्येच अडकले तर शब्द हातात आणून द्यायचाही नाही, नुसता थांबायचा. इतकं शांतपणे थांबणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मला पक्की येत होती ती दवाखान्यातली वाक्यं. मग त्यानेच वाट काढली. एका संध्याकाळी खांदा धरून दारात उभा राहिला, चेहरा अगदी मरणाचा.

"कुठे दुखतं?" मी विचारलं.

"इथे."

मी खांदा दाबला. "इथे?"

"नाही... जरा वर."

"इथे?"

"जरा वर. मानेशी."

"काहीसुद्धा झालेलं नाही तुला," मी म्हटलं. ते वाक्य मला येतं हे मलाच माहीत नव्हतं.

"उद्या पुन्हा तपास," तो म्हणाला. "आजार जुना आहे."

मग रोज काहीतरी दुखायचं. कोपर, घोटा, पाठ, डावा कान. मी म्हणायचे श्वास घे, तो घ्यायचा. सोड म्हटलं की सोडायचा नाही, आणि मी त्याचा चेहरा लाल होईपर्यंत बघत राहायचे. नान पाठ फिरवून भांडी घासायची आणि तिचे खांदे हलायचे. हसत होती ती, मला खात्री आहे.

गावही बदललं. कोईलीन माझ्याशी आयरिश बोलतो हे दुकानदाराने पाहिलं, मग पोस्टातल्या बाईने. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याची भीड चेपते. सप्टेंबरमध्ये पेगीने मला पाय दाखवला आणि मांजरीकडे न बघता, माझ्याकडे बघत, उतार आला की गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं होतं आणि नवरा गेल्यापासून हे कुणाला सांगितलं नाही, असं सगळं सांगितलं. मी दोनदा मध्ये थांबवून विचारलं. तिने दोनदा पुन्हा सांगितलं. गाडीत येऊन मी रडले, आनंदाने.

परीक्षेच्या आदल्या दुपारी कोईलीनने मला किनाऱ्यावर बोलावलं. ओहोटी होती. दूरवर बगळा उभा होता. तो बराच वेळ खडे उचलून पाण्यात टाकत राहिला, आणि मला कळलं की आता तो बोलणार. पाच महिने मी याचीच वाट बघत होते.

तो बोलला. मी त्याला आवडते, माझ्याशिवाय त्याला करमत नाही, उद्या काहीही होवो पण हे सांगायचंच होतं... सगळं नीट, सुंदर, न अडखळता. इंग्रजीत.

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"इंग्रजीत का?" मी आयरिशमध्ये विचारलं.

तो गोंधळला. "तुला नीट कळावं म्हणून," तो म्हणाला, अजून इंग्रजीतच. "एवढं महत्त्वाचं बोलणं... अर्धवट कळलं असतं तर?"

मला फार राग आला, आणि त्या रागाखाली फार वाईट वाटलं. हो म्हणून टाकावं असंही वाटलं. समोर तो उभा होता, मला हवं होतं तेच बोलत होता. पण हो म्हटलं असतं तर नानच्या बहिणीचं घर आम्ही पुन्हा बांधलं असतं.

"त्या भाषेत तू पाहुण्यांशी बोलतोस," मी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हटलं. "मी पाहुणी नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर घरातल्यासारखं बोल. नाही तर बोलू नकोस."

मी थोडं थांबले. मग निघाले. वळून बघितलं नाही.

परीक्षेला तीन माणसं समोर बसली होती. त्यांनी विचारलं, तिथले लोक तुमच्याशी बोलतात का? मी पेगीचा गुडघा सांगितला, मांजर सांगितली, सगळं सांगितलं. चुका केल्या, सुधारल्या, पुढे गेले. आठ दिवसांनी पत्र आलं. पास. नोकरी कायम.

नान नेमकी बाजारात गेली होती. मी पत्र खिशात घातलं आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून सरळ खडकांकडे गेले.

कोईलीन मांडीभर पाण्यात उभा राहून तराफ्याचा दोर आवळत होता. आठ दिवसांत तो चहाला फिरकला नव्हता. दाढीही केली नव्हती. भरती चढायला लागली होती. वर धक्क्यावर दोन म्हातारे होडीला डांबर लावत होते. मी आलेली बघून त्यांनी ब्रश हवेतच थांबवले.

"पत्र आलं?" कोईलीनने आयरिशमध्ये विचारलं.

"आलं."

"मग?"

"आधी तू," मी म्हटलं.

त्याने म्हाताऱ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. इंग्रजीत केवढा सफाईदार होता हा माणूस... आणि स्वतःच्याच भाषेत शब्द शोधत होता. मी काही सुचवलं नाही. पाणी माझ्या बुटांवरून आत शिरलं, तरी हलले नाही.

"मला हे... मला हे बोलता येत नाही," तो शेवटी म्हणाला. "आमच्यात कुणी बोलत नाही. माझा बाप आईला कधी म्हणाला असेल असं वाटत नाही. कुठून सुरुवात करायची ते कुणी शिकवलंच नाही." तो थांबला. दोर हातातून सुटला, त्याच्या लक्षातही आलं नाही. "त्या दिवशी तुझ्यासाठी म्हणून इंग्रजी बोललो, असं म्हणालो. खोटं होतं ते. या भाषेत बोललो असतो तर ते खरंच झालं असतं... मी घाबरलो. माझं तुझ्यावर प्रेम आहे, रिओना. तू पास हो, नापास हो. डब्लिनला गेलीस तर मी शेवाळ सोडून तिथे येईन, आणि तिथेसुद्धा तुझ्याशी याच भाषेत बोलेन. कळलं का? का पुन्हा सांगू?"

वर एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. मी पाण्यातून चालत त्याच्यापर्यंत गेले आणि त्याचा ओला, खारट चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सांग पुन्हा," मी म्हटलं. "पण कळलं मला. पहिल्यांदाच, सगळं कळलं."