तिसरा लाल ठिपका

तो पहिल्यांदा आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते त्याच्या खांद्यावरच्या ड्रिलकडे. खडकात भोकं पाडणारं, हवेच्या जोरावर चालणारं ते पंचवीस किलोचं धूड त्याने टेबलावर असं अलगद ठेवलं, जसं झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं. मशीन आणून आदळणारे तिने शंभर पाहिले होते. ठेवणारा हा पहिलाच.

खरं तर तो यायचाच नव्हता. त्याच्या पाळीतली बिघडलेली मशीनं खाणीतून दुरुस्तीच्या शेडमध्ये आणणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता, एवढंच.

“काय होतंय?” तिने विचारलं.

“ठोकतंय… पण फिरत नाही.”

“आणि?”

त्याने मान हलवली. संपलं बोलणं. खाणीत त्याला मौनीबाबा म्हणतात ते उगीच नाही, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं. तिलाही ड्रिलवाले डॉक्टरीणबाई म्हणत. थोडं चेष्टेने, थोडं तिच्या टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडामुळे.

त्या कापडावर तिने मशीन उघडायला घेतलं. दोन्ही बाजूंचे लांब बोल्ट, एकदा इकडचा, एकदा तिकडचा, असे थोडे थोडे सैल केले. एकच बोल्ट एकदम सोडला की मशीनचं अंग वाकडं होतं. मग मागचं डोकं उतरलं, आतल्या छोट्या खिट्ट्या निघाल्या, पिस्टन निघाला. निघेल तो भाग डावीकडून उजवीकडे, त्याच क्रमाने. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा आणि हवेने सुकवायचा. चिंधी लावायची नाही. एक धागा आत राहिला तरी हवेची वाट अडते.

“या बघा,” तिने खिट्ट्या हातावर घेतल्या. “कडा झिजून गोल झाल्यात. दांड्याला पकडून फिरवणार कशा?”

तो वाकून बघत होता. खिट्ट्यांकडे की तिच्या हाताकडे, कोण जाणे.

मशीन दिल्याची सही करायला तिने त्याला पेन दिलं. ते त्याच्या बोटांतून निसटलं. उचललं… पुन्हा निसटलं. बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली होती.

“हात झोपतात,” तो ओशाळून म्हणाला. “मशीन हादरतं ना.”

तिने पेन उचलून त्याच्या मुठीत दिलं. पण तो गेल्यावर तिने खडकात जाणारा दांडा धरणारं पुढचं बुश, म्हणजे धातूचं कडं, तपासलं. नियमाने ते अजून दोन महिने चाललं असतं. हादरे कमी बसावेत म्हणून तिने ते बदललं. मुठीवरचं रबरही नवं घातलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी तो परत आला. खांद्यावर तेच मशीन.

“आता काय?”

“बोल्टचा नट… सैल झालाय.”

तिची नजर भिंतीकडे गेली. शेडच्या भिंतीवर एक फळा होता. दुरुस्त केलेलं मशीन पंधरा दिवसांच्या आत परत आलं, की ते जोडणाऱ्याच्या नावापुढे एक लाल ठिपका. तीन ठिपके झाले की त्याचं टेबल दुसऱ्याला. आणि या टेबलासाठी ती दोन वर्षं रॉकेलच्या टाकीपाशी उभी राहून दुसऱ्यांनी उघडलेल्या मशीनचे भाग धूत होती. तिच्या आधी या टेबलाशी एकही बाई बसली नव्हती. तिच्या आईची ही बातमी गल्लीभर सांगून झाली होती.

उस्तादांनी, म्हणजे शेडच्या प्रमुखांनी, ठिपका दिला. तिने पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा जोडलं. तो समोरच्या स्टुलावर बसून होता.

“तुम्हाला कामं नाहीत का?” तिने विचारलं.

“आहेत.”

“मग?”

“मशीनशिवाय कसली कामं…”

“आणि मशीन असलं की बोलता का कुणाशी?”

“आवाजात कोण ऐकतंय.”

तिला हसू आलं. तोही हसला, आणि हसला की डाव्या गालावर दगडाच्या धुळीत एक बारीक रेघ उमटत होती. तिने ती पाहिली. पाहायला नको होती, असंही तिला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बोल्टचा नट सैल. दुसरा ठिपका.

आता तिचं मोठंच अवघड झालं. तो यावा असं वाटे, आणि त्याचं मशीन येऊ नये असंही वाटे. दाराशी त्याची उंच सावली पडली की आधी जीव हरखे आणि लगेच टांगणीला लागे. आपलेच हात चुकतात, ही भीती मनात घर करून बसली. घरीही ती नळ दोन-दोनदा आवळू लागली.

“अगं, तो नळ काय पळून जाणारे का?” आई म्हणाली. “कसला घोर लावून घेतलायस?”

“काही नाही गं.”

आईने तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. आयांना ‘काही नाही’चा अर्थ बरोबर कळतो.

आणि दहाव्या दिवशी तो तिसऱ्यांदा मशीन परत घेऊन आला.

या वेळी उस्ताद स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात लाल खडू. बाकीच्या टेबलांवरची कामं मंदावली. तिने बोल्ट सोडले, डोकं उतरवलं, एकेक भाग कापडावर मांडला. खिट्ट्या बरोबर. पिस्टन आरशासारखा. बुशही नवंकोरं. दोष फक्त एका सैल नटाचा.

“पोरी,” उस्ताद हळू आवाजात म्हणाले, “नियम मीच केलाय. मलाच कसा मोडता येईल?”

“चूक माझीच असणार,” ती म्हणाली. तिने पाना कापडावर ठेवला. “माझा हात हलका पडत असेल. टेबल… दुसऱ्याला द्या.”

मौनीबाबाने फळ्याकडे पाहिलं. “ते लाल ठिपके… कसले?”

उस्तादांनी सांगितलं. तसा त्याचा चेहरा उतरला.

“त्यांची चूक नाही,” तो म्हणाला. “नट मी सैल केला. तिन्ही वेळा. पान्याने.”

 खाणीत स्वतःचं मशीन बिघडवणाऱ्याच्या हातात पुन्हा ड्रिल मिळेलच असं नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यालाही.

“का?” उस्तादांनी विचारलं.

“पहिल्यांदा मशीन नेलं ना… हात झोपलेच नाहीत. त्या संध्याकाळी शर्टाची बटणं मी माझी मी काढली. चार वर्षं आई काढत होती. जेवताना घास सांडला नाही. आई रडली हो.” त्याने पुन्हा जोर केला. “ह्यांचे आभार मानायचे होते. पण इथं यायचं तर मशीन बिघडलेलं लागतं. आलो… आणि तोंडातून शब्दच फुटेना. मग वाटलं, पुढच्या वेळी बोलू.”

“आणि सैल मशीन चालवताना पुढचं डोकं तुटून पायावर आलं असतं म्हणजे?” ती संतापली. डोळे मात्र भरून आले होते. “अक्कल गहाण ठेवली होती का?”

“चालवलं नाही. इथं दाराशी येऊन सैल करायचो. पिंपामागे.”

शेडमध्ये कुणीतरी फसकन हसलं. तिलाही हसावं की रडावं कळेना. पण त्या घटकेला तिच्या मनात सगळ्यात मोठं काही होतं तर ती कृतज्ञता. तिने न सांगता घातलेल्या एका बुशाची कुणीतरी एवढी जाण ठेवली होती. आणि तिचे हात चुकले नव्हते. हे सगळ्यांसमोर सांगण्यासाठी तो स्वतःची भाकरी पणाला लावून उभा होता.

उस्तादांनी ओल्या फडक्याने तिचे तिन्ही ठिपके पुसले. मग त्याच्याकडे वळले. “महिनाभर ड्रिलला हात लावायचा नाही. इथं रॉकेलच्या टाकीपाशी भाग धुवायचे. हिच्या हाताखाली.”

“चालेल,” तो इतक्या चटकन म्हणाला की उस्तादांना शिक्षा फसल्याचं तिथेच कळलं.

महिना कसा सरला, दोघांनाही समजलं नाही. तो भाग धुई, ती जोडी. हळूहळू तो बोलू लागला, आणि एकदा सुरू झाला की थांबवावं लागे. शेवटच्या दिवशी त्याने आपलं मशीन स्वतः उघडून स्वतः जोडलं. तिने बोल्ट तपासले.

“बरोबर. उद्यापासून खाणीत?”

“हो.” त्याने मशीनकडे मोठ्या दुःखाने पाहिलं. “आता हे लवकर बिघडायचं नाही.”

“नाहीच बिघडणार.”

“मग मी… यायचं कसं?”

“रिकाम्या हाताने येणाऱ्याला इथं कुणी अडवत नाही,” ती कापड झटकत म्हणाली.

“उस्तादांनी विचारलं तर काय सांगू?”

“ते मी का सांगू? मनात असेल ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो आला. केस ओले, शर्ट धुतलेला, हात रिकामे.

“काय रे,” उस्ताद म्हणाले, “मशीन कुठंय?”

“मशीन चांगलंय. मी ह्यांना भेटायला आलोय.” ड्रिलवाल्यांना हळू बोलायची सवय नसते. शेडभर ऐकू गेलं. “आज भेटायला आलोय, आणि त्यांची हरकत नसेल तर रोज येणार आहे. जन्मभर.”

पाने जागच्या जागी थांबले. तिचे कान लाल झाले. तिच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचं तरी मशीन अर्धवट जोडलेलं होतं.

“बसा,” ती वर न बघता म्हणाली. “एवढे दोन बोल्ट आवळते, मग घरी जाऊ. माझ्या आईला तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं.”