हाताला न लागलेली गाठ

जिंतूरच्या शाळेच्या पटांगणात स्तनांच्या तपासणीची व्हॅन उभी होती. मोटारसायकल कशीबशी स्टँडवर लावून एक जण थेट दाराशी आला.

"मॅडम, मी सुलाबाईचा मुलगा, सिद्धोधन. आईला गाठ पडली म्हनायलेत... खरंय का?"

सुकेशनी तिथली टेक्निशियन. सुलाबाई तर आत्ताच यंत्रावर छातीचा फोटो काढून हसत गेल्या होत्या. "कोण म्हणालं?"

"शेजारच्या कडूबाई. ‘सुलाबाईची व्हॅनमधल्या पोरीशी गाठ पडली’ म्हनल्या. मी निस्तं ‘गाठ पडली’ ऐकलं अन् पळालो!"

"ती पोरगी मीच!" सुकेशनीला हसू आवरेना. येलदरीच्या शाळेतले हे मास्तर कानापर्यंत लाल झाले.

पण आठवड्यानं डॉक्टरांनी त्याच फोटोत एक बारीकसा ठिपका दाखवला. हाताला काहीच लागत नव्हतं. तिथला बारीक तुकडा काढून तपासायला गेला, आणि सिद्धोधन रोज शाळा सुटली की सुकेशनीला फोन करू लागला. आईबद्दल विचारायला... निदान सुरुवातीला तरी.

"हाताला लागत न्हाई, ते यंत्राला कसं दिसलं?"

"सावकाश वाढणारी गाठ वर्षानुवर्षं गुपचूप बसून असते, सर. म्हणून ती तपासणीत सापडते. दोन तपासण्यांच्या मधेच जी अचानक हाताला लागते, ती बहुतेकदा घाईची, जास्त वाईट. खात्री रिपोर्टच देईल, पण कशी सापडली यावरून स्वभावाचा अंदाज येतो."

"सापडन्यातच स्वभाव?" तो पुटपुटला. "लय अजब हाय हो हे..."

प्रशिक्षणात तिनं हे पाठ केलं होतं. आज त्याचा आवाज ऐकून पहिल्यांदाच तिच्या अंगावर काटा आला. केवढं थोर आहे हे शरीर, असं तिला वाटलं.

रिपोर्ट आला. कर्करोगच होता, पण सावकाश वाढणारा, गोळ्यांना दाद देणारा. छोटं ऑपरेशन करायचं, आई बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. सिद्धोधन व्हॅनच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. सुकेशनी शेजारी बसून राहिली.

डोळे पुसत तो म्हणाला, "मॅडम... एकदम ध्यानात येतं, ते घाईचं असतं न्हाई का?"

"बहुतेकदा. का?"

"तुमाला बघितलं त्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं."

"शी! असल्या आजाराशी कुणी तुलना करतं का?" ती हसली. मग खाली बघत हळूच म्हणाली, "मला बाई फार उशिरा कळलं."

"कवा?"

"काल... तुमचा फोन आला नाही, तेव्हा."