बशीत वाढलेली त्वचा

“बाहेर! आधी बाहेर व्हा!” हे माझे त्याच्याशी पहिले शब्द.

रक्तपेढी शोधताना तो चुकून आमच्या प्रयोगशाळेत शिरला होता. बूट चिखलाने माखलेले, कपड्यांना धुराचा वास. त्याचे वडील बॉयलरच्या स्फोटात भाजले होते. त्यांच्याच काखेतल्या नखाएवढ्या तुकड्यातून मी त्यांच्यासाठी त्वचा वाढवत होते.

मग तो रोज येऊन प्रयोगशाळेच्या काचेच्या खिडकीशी उभा राहू लागला. “तुझे काचवाले आले गं!” आमच्या प्रमुख मॅडम मला चिडवायच्या.

“आज काय म्हणतायत बाबा?” तो विचारायचा.

“पेशी एकमेकींना धरतायत. शेजारणीशी गाठ मारली तरच त्वचा होते. नाहीतर नुसतं पाण्यात कालवलेलं पीठ.”

“आणि गाठ कोण मारून देतं?”

“त्यांच्या त्या मारतात. मध्यस्थ लागत नाही.”

“बरंय त्यांचं…” तो माझ्याकडे बघत राही, आणि मी उगाच बशीवरचं लेबल वाचत बसे.

बुधवारी त्वचा लावायचं ठरलं. मंगळवारी रक्तात जंतुसंसर्ग पसरला. संध्याकाळपर्यंत वडील गेले.

अंत्यविधी उरकून तो आला. गाऊन-टोपी घालायला देऊन मी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. फरशी बसवावी तशा पेशी एकमेकींना चिकटून होत्या.

“या… जिवंत आहेत?”

“मी खाद्य देतेय तोवर. दुसऱ्या कुणाला चालणार नाहीत. तुम्ही ‘हो’ म्हणालात की नष्ट करायच्या.”



“शेवटी शेवटी मी फक्त त्यांच्यासाठी येत नव्हतो,” तो म्हणाला. “ते वर वॉर्डात तडफडत होते, आणि मी… इथे यायची वाट बघायचो.”

“मीही बघायचे.”

त्याने डोळे पुसले. “करा.”

पेशींच्या गाठी कॅल्शियमवर टिकतात. ते ओढून घेणारं द्रावण मी बशीत सोडलं.

“सुटतायत…” तो डोळा न हलवता म्हणाला. “एकेक गोल होऊन सुटतेय.”

सगळ्या सुटेपर्यंत तो बघत राहिला. मग मी बशी टाकून दिली, हात धुतले.

“उद्या यायला आता निमित्त नाही,” तो म्हणाला.

“निमित्त नसताना या.”

“इथे आलो की तेच आठवेल.”

“आठवू दे.”

“जमेलसं वाटत नाही मला,” तो म्हणाला. पण गेला नाही.