एक्क्यांची जोडी

तुळजापुरात दीपमालाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, लॉजमधली वीज गेली. वऱ्हाड दर्शनाच्या रांगेत होतं. मागे उरलेल्या पाच-सहा जणांना करण्यासारखं काही नव्हतं. नवऱ्या मुलाच्या, म्हणजे कृष्णराजच्या, धुरपदाआत्यांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला आणि दुसऱ्या पिशवीतून मूठमूठ चिंचोके. देवीच्या गावात पैशानं खेळायचं नाही, हा त्यांचा नियम.

"तीन पत्ती सगळ्यांनाच येते," शिवप्रिया म्हणाली. "पोकर शिकवू का?"

ती कळंबच्या कॉलेजात गणित शिकवायची. दीपमाला तिची तिथलीच मैत्रीण. पोकर ती पुण्याच्या होस्टेलवर शिकली होती, आणि शिकवायला बसली की तिला कुणी थांबवू शकत नसे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मधे पाच उघडे सगळ्यांचे. सातांतून ज्याचे पाच भारी, त्याचा डाव.

तिच्या समोर खिडकीला टेकून एकजण बसला होता. सावळा, उंच. खेळताना त्याचा चेहरा जराही हलत नव्हता. तिसऱ्या डावात त्यानं प्रत्येक वेळी इतरांइतकाच चिंचोका टाकला, वाढवला एकदाही नाही. सहाच्या सहा जण डावात राहिले. शेवटी त्यानं पत्ते उलटे केले — दोन राजे. धुरपदाआत्यांकडे सत्ती आणि चव्वी होती, आणि मधेही सत्ती आणि चव्वी आली होती. दोन जोड्या. आत्यांनी चिंचोके पदरात ओढले.

"दोन राजे हातात होते," शिवप्रिया त्याला म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्यांना फुकटात आत येऊ दिलंत."

"म्हटलं, गप बसावं. कुणाला कळू नये."

"कळू दे की. पहिल्यालाच वाढवायचं. म्हणजे सत्ती-चव्वीवाले पळून जातात. एक्क्यांची जोडी असली, तरी समोर एकजण असेल तर दहातले आठ डाव आपले. पाचजण आले, की निम्मेसुद्धा नाहीत."

त्यानं जरा विचार केला. "आमच्या धंद्यात उलटं आहे. हललं, की जनावर पळतं."

तो येडशीला वनरक्षक होता. रणधीर नाव. कृष्णराजचा शाळेपासूनचा मित्र. रामलिंगच्या जंगलात तास न् तास झाडाला टेकून बसणं हे त्याचं काम होतं, आणि ते त्याला पत्त्यांतही सोडवत नव्हतं.

"मग मी काय जनावर आहे का?" ती म्हणाली.

"न्हाय," तो म्हणाला. "तुम्ही पळाला न्हाईत अजून."

लग्नानंतर दीपमालाचा संसार कळंबलाच सुरू झाला. दर रविवारी दुपारी तिच्याकडं डाव बसायला लागला. पाचजण ठरलेले — नवराबायको, धुरपदाआत्या, शिवप्रिया, आणि येडशीहून मोटारसायकलवर येणारा रणधीर. पावसाळ्यात तो भिजून यायचा. टॉवेलनं डोकं पुसत दारात उभा राहायचा आणि आधी तिच्या चपला आहेत का ते बघायचा. तो बघतो, हे तिनं बघितलं होतं. त्यावर दोघंही काही बोलले नव्हते.

तो हळूहळू शिकला. जुलैत एकदा राण्यांची जोडी आल्यावर त्यानं सरळ दहा चिंचोके पुढे सरकवले.

"आज धीट झालात," शिवप्रिया पत्ते टाकत म्हणाली.

"मास्तरीण चांगली मिळाली."

"मास्तरणीला फी असते."

"सांगा की मग. काय आणू?"

पुढच्या रविवारी त्यानं मोराचं एक पीस आणलं. जंगलात पडलेलं होतं, पण तसं उचलून आणता येत नाही, असं त्यानंच सांगितलं, आणि जाताना ते परत घेऊन गेला. नुसतं दाखवायला आणलं होतं. शिवप्रियाला याचं हसू आलं आणि नंतर बरेच दिवस ते पीस आठवत राहिलं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. तिचे वडील महालिंगप्पा मोंढ्यातले धान्याचे आडते. लातूरचं एक स्थळ त्यांना पसंत पडलं होतं. आपल्यातलेच, मुलगा इंजिनिअर. नाही म्हणायला शिवप्रियाकडं कारण एकच होतं, आणि त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं. तिनंही उघडलं नव्हतं. तो आधी बोलेल, मग आपण, असं तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. तो मराठा, आपण लिंगायत, हेही ती रोज एकदा मनात घोकायची.

सप्टेंबरातल्या एका रविवारी पत्ते पिसता पिसता ती म्हणाली, "पुढच्या रविवारी मी नाही. लातूरचे बघायला येतायत."

दीपमालानं कृष्णराजकडं पाहिलं. रणधीरनं समोरचे चिंचोके पाच-पाचांच्या ओळीत लावले, मोडले, पुन्हा लावले.

तिनं पत्ते वाटले. स्वतःचे दोन उचलले. इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का.

रणधीरनं एक चिंचोका टाकला. बाकीच्या तिघांनी पत्ते टाकून डाव सोडला. आता तिची पाळी. दहा टाकायला हवे होते; हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिनं एकच टाकला.

मधे उघडले — अठ्ठी, दुर्री, गुलाम. मग दश्शी, मग तिर्री. तो दर वेळी थोडे वाढवत गेला, ती नुसती तेवढेच भरत गेली. शेवटी त्याच्या हातातून दोन अठ्ठ्या निघाल्या. तीन अठ्ठ्यांपुढे तिचे एक्के पडले.

"पोरी," धुरपदाआत्या म्हणाल्या, "तुझं आज ध्यान न्हाय." आणि चहा टाकायच्या निमित्तानं त्या उठल्या. दीपमाला आणि कृष्णराज त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. पाच कप चहा करायला तिघं लागत नव्हते.

बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता. रणधीरनं तिचे एक्के उचलून पाहिले.

"अठ्ठ्या घेऊन मी भीतभीतच आलतो," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्यालाच दहा केले असते, तर टाकून देणार होतो."

"ठाऊक होतं."

"मग वाढवलं का न्हाय?"

तिनं खिडकीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"तुम्ही डावातनं गेला असता… म्हणून."

या वेळी त्याचा चेहरा हलला; कानापर्यंत लाल झाला.

"मी कुठंच जात न्हाय," तो म्हणाला. "चार महिने तेच सांगायचं होतं. उद्या येऊन भेटू का तुमच्या वडलांना?"

"नको. आधी मी बोलते. माझ्या तोंडून कळायला हवं त्यांना."

त्यानं मान डोलावली. चहा आला तेव्हा दोघं दोन टोकांना बसले होते, आणि कुणीच काही विचारलं नाही.

संध्याकाळी महालिंगप्पा दुकान बंद करून घरी आले. पाय धुऊन ते सोप्यात बसले. शिवप्रियानं पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लातूरचं नको, रणधीर हवा, तो काय करतो, कुठला, कोणाचा. वाक्यं आधी पाठ केली होती. मधेच ती विसरली, म्हणून जशी आली तशी बोलली.

आत स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

महालिंगप्पा तांब्याकडं बघत राहिले. त्यांचा राग आधी मानेत दिसायचा, तो दिसला. मग थोडा उतरला.

"आण्णासाहेबांचा?" त्यांनी विचारलं. "येडशीकडचे?"

"व्हय, अप्पा."

"वीस वर्षं माल घालतात माझ्याकडं." ते थांबले. "सगळे सोयाबीन ओलं आणतात, वजन भरावं म्हणून. त्या माणसाचं पोतं कधी ओलं निघालं न्हाय."

तिनं तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

"लई बोलणं होईल लोकांत," ते म्हणाले.

"होईल."

"तुझी आई आठ दिवस जेवायची न्हाय नीट."

"मी भरवीन."

महालिंगप्पा पाणी प्यायले, त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला. लातूरच्यांचा नंबर ते शोधत राहिले. चष्मा आत राहिला होता. शेवटी त्यांनी फोन तिच्याकडं दिला.

"हा लावून दे. बोलतो मी," ते म्हणाले. "आणि त्याला सांग… एकट्यानं यायचं न्हाय. वडलांना घेऊन ये म्हणावं."