जगनचा चोरकॉक

बस रे हितेश. कंपनीची बस काय इतक्यात येत नाही. धाटावला आज उशिरा पोचलास तरी आभाळ कोसळणार नाही. उद्या सुट्टी, म्हणून मामाची होडी न विचारता खाडीत घालणार म्हणतोस ना? घाल बाबा, आम्ही कोण अडवणारे. फक्त त्याआधी आमच्या निसीम मिस्त्रीचं काय झालं ते ऐकून घे. धनेश, तूही ऐक. आणि हसायचं असेल तर दोघं आत्ताच हसून घ्या.

निसीम आमच्या पेणचा. डिझेल इंजिनांचा मिस्त्री. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्या लोकांची आमच्या आळीत पाच-सहा घरं होती, आता याचं एकच राहिलंय. माणूस सरळ. पण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घरी म्हणजे घरी. रेबेकावहिनी शब्बाथचे दिवे लावणार, आणि मग हा पान्याला हात लावणार नाही. गणपतीच्या कारखान्यात ऐन हंगामात जनरेटर बंद पडला होता, तरी गडी हलला नाही.

तीन-चार वर्षं झाली असतील. कार्तिकातली अमावास्या, देवदिवाळीचा आदला दिवस, वार शुक्रवार. कासूच्या पलीकडे खाडीवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं नांदतायत. तिथल्या मिठागराचा पंप निसीमने दुरुस्त केला होता. तो नेऊन बसवला, चालवून दाखवला, चहा घेतला, गाडीला किक मारली. ऊन अजून होतं. आरामात घरी पोचला असता.

एवढ्यात बांधावरून जनू धावत आला.

"मिस्त्री, चला! होडीचा इंजिन लागत नाय. जगन खाडीत रुतलाय!"

जनू आणि जगन सख्खे भाऊ. बाप गेला तेव्हा मागे दोन गोष्टी राहिल्या, एक होडी आणि एक चांदीची अंगठी. अंगठी धाकट्या जगनच्या बोटात. ती इतकी रुतली होती की साबण लावून निघेना. बोट सुजलं तेव्हा निसीमनेच करवत काढली होती कापायला. जगन म्हणाला, "बोट काप मिस्त्री, बाची अंगठी कापू नको." होडी मात्र दोघांत. आणि होडीवरून भांडण. जनू न विचारता न्यायचा, जगन शिव्या घालायचा. शेवटी दोघांचं बोलणंही बंद झालं होतं.

त्या दिवशी ओहोटी मोठी होती. जगन शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायला चिखलातून चालत पार मधल्या भाटावर गेला. खाडीत पाणी उतरलं की जमीन उघडी पडते ना, तो भाट. परत येताना पाय गेला तो मांडीपर्यंत आत. आणि अमावास्येची भरती लागली. भाट आणि काठ यांच्यामधली खाच आधीच भरून गेली होती. फळ्या टाकून जावं म्हटलं तर फळ्याही वाहून जात होत्या. बाकीच्या होड्या काठाच्या चिखलात बसलेल्या. पाण्यावर होती ती एकच, या दोघा भावांची.

धावत होडीपाशी पोचल्यावर निसीमने एकदा सूर्याकडे बघितलं. टेकलाच होता. मग त्याने पिशवीतून पाना काढला. मला नंतर म्हणाला, "गोविंदा, जीव वाचवायचा असेल तर नेम मोडायला आमच्यात मुभा आहे. मी मागचा-पुढचा विचार केला नाही."

इंजिन फिरत होतं जोरात. बॅटरी ठणठणीत. धर्र धर्र धर्र... पण पेट घेत नव्हतं. निसीमने आधी बंद करायचा दांडा बघितला, ओढलेला राहिलाय की काय म्हणून. जागेवर होता. टाकी बघितली, डिझेल गळ्यापर्यंत. फिल्टर उघडला, स्वच्छ. हवा धरली असेल म्हणून इंजिनाच्या पंपाचा स्क्रू सैल करून हाताने दाबत बसला. एक थेंब आला नाही. टाकी भरलेली आणि पंप कोरडा.

तिकडे जगन ओरडत होता. वारा उलटा. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. त्याची बायको चंद्रावती बांधावर उभी होती, "आवाज येतोय गो, अजून आवाज येतोय," असं बाजूच्या बायकांना सांगत होती.

"जनू, टाकी आणि पंप यांच्यामधे काही बसवलंय का?"

जनू बांधाकडे बघायला लागला.

"अरे बोल की!"

"चोरकॉक हाय," जनू म्हणाला. "मी होडी नेऊ नये म्हणून बसवला त्यानं. कुठं बसवला ते मला दावला नाय."

कळलं का? डिझेल बंद करायची लपवलेली तोटी. खाडीवर चोरीच्या भीतीने खूप जण बसवतात. पण या गड्याने ती सख्ख्या भावासाठी बसवली होती. आणि जागा ठाऊक असलेला एकटा माणूस भाटावर कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तेव्हा निसीमच्या ध्यानात आलं, जगन काय ओरडतोय ते. तो मदत मागतच नव्हता. जागा सांगत होता.

डब्यातून थेट पाइप जोडावा तर पाइप नाही. एक जण गावात पळाला आणायला. तोवर दोघं शोधत राहिले. टाकीखाली नाही. बाकाखाली नाही. पाइप फळ्यांखाली जायचा, आणि फळ्या ठोकून बसवलेल्या. जनू पहारीने एक फळी उचकटायला लागला. फळी नवी, हलेना. अंधार पडला. जनूचा मोबाइल विझला.

आणि आवाज थांबला.

चंद्रावती वाऱ्याकडे कान करून उभी राहिली. फक्त पाणी होडीला लागत होतं... चुबुक... चुबुक...

निसीम पालथा पडला. फळीच्या फटीतून हात घातला. खांद्यापर्यंत. खाली साचलेलं पाणी. बर्फासारखं. बोटं चाचपत पुढं गेली. लाकूड... पाइप... पुन्हा लाकूड...

मग काहीतरी लागलं.

बोटाएवढं. आडवं. थंड.

त्याने धरलं. फिरवलं.

फिरलं.

"लाव," तो म्हणाला.

पंपातून बुडबुडे आले. मग डिझेल. जनूने चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्याला लागलं. बांधावर बायका रडायला लागल्या, सुटल्यासारख्या.

भाटावर गेले. भाट कुठला... नुसतं पाणी. जनू हाका मारत होता. जगन... जगन रे... ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याला. होडी रात्रभर फिरली. शिवल्यांची टोपली सापडली. बाकी काही नाही.

उजाडल्यावर काठाला लागले. जनूने पहार घेतली आणि सगळ्या फळ्या उचकटून काढल्या. चोरकॉक सापडला. टाकीच्या पार मागे, निसीम पालथा पडला होता तिथून दोन हात लांब. बंद होता. दांडीला तांब्याच्या तारेचा पीळ, वर जुनं ग्रीस. पिळाला कुणाचा हात लागलेला नव्हता.

म्हणजे होडी रात्रभर डिझेल बंद असताना चालली होती.

जगन तिसऱ्या दिवशी धरमतरच्या बाजूला मिळाला. मी गेलो होतो तेव्हा. उजव्या हाताच्या बोटावर अंगठीच्या जागी नुसता पांढरा पट्टा होता.

अंगठी होडीत होती रे. फळीखाली, निसीमने हात घातला होता अगदी तिथं, साचलेल्या पाण्यात. अख्खी. ना कापलेली, ना वाकलेली. चंद्रावतीने ओळखली, पण घेतली नाही. जनूने तर बघितलीही नाही. निसीमच्या गॅरेजात खिळ्याला अडकवलेली आहे, पेणला आलास तर जाऊन बघ.

आता निसीम होडीचं इंजिन घेत नाही. शुक्रवारी दिवे लागले की उजवा हात मांडीखाली घेऊन बसतो. मी एकदा म्हटलं, "अरे, अंधारात दुसरी कुठली तोटी फिरवली असशील." त्याने मांडीखालचा उजवा हात काढून उजेडात धरला. मग म्हणाला...

"गोविंदा, तोटी पितळेची असते. मी फिरवलं ते मऊ होतं."