घरचा वाफा

"ओ मॅडम, वांगं हाय ते, अत्तर नाही! एवढं हुंगून काय राह्यल्या?"

मालेगावच्या बाजारात माझ्याशी असं बोलायची कुणाची छाती नाही. मी पल्लवी, अंगणवाडी सेविका. माझ्या तोंडाला अख्खं गाव वचकून असतं. मी वर पाहिलं. मोटरसायकलला दोन क्रेट बांधून आलेला, उंच, सावळा... आणि वर हसत होता मेला!

"हुंगलं म्हणून तं समजलं," मी म्हटलं. "काल औषध मारलं अन् आज तोडलं. वास येऊन राह्यला!"

"घरी नेऊन धुवाचं ना मंग."

"वा रे वा! फवारणार तू, अन् धुणार मी?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. त्याचे कान लाल झाले, आणि मला उगाच बरं वाटलं.

धुते तर मी रोजच. पंधरा मिनिटं मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या, मग वाहत्या पाण्याखाली चोळून चोळून. अंगणवाडीतल्या बावीस लेकरांच्या आयांनाही हेच शिकवते. त्यांतली बेबीबाई दर वेळी विचारते, "बाई, नळ येते चार दिवसाआड. भाजीले तीन पाणी कुठून आणू?" काय उत्तर देणार? आणि जे आत मुरलं, ते तीन काय, तेरा पाण्यांनीही जात नाही. संताप येतो नुसता!

पुढच्या बाजारी त्यानं क्रेटच्या तळातून ओल्या फडक्यात बांधलेली भाजी काढली. "आता हुंगा."

चार वांगी, पालकाची जुडी. वास फक्त मातीचा.

"फक्त तुमच्यासाठी आणली."

"काहून? मी कोण लागते तुझी?"

"अजून तं... कोणी नाही," तो वांग्यांकडे पाहत पुटपुटला.

अजून! त्या 'अजून'वर मी घरापर्यंत चिडत गेले, आणि घरी पोचल्यावर आरशासमोर हसले.

संघदीप नाव त्याचं, रिठदचा. चार महिने दर बाजारी ते फडकं माझ्या पिशवीत यायचं, आणि फडक्याआडून त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची... चुकून. निदान आम्ही दोघं तसंच दाखवायचो.

"राग आला की तुझं नाक फुगते," तो एकदा म्हणाला. त्याचं 'तुम्ही-तुम्ही' कधी सुटलं, कळलंच नाही.

"मग?"

"मंग आठ दिवस तेच दिसत राह्यते मले."

मग रीतसर बोलणी झाली. त्याचे वडील पंजाबराव आमच्याकडे येऊन गेले. आम्ही रिठदला घर पाहायला निघालो. मुलीनं जायचं नसतं म्हणे. मी गेलेच.

वडीलमंडळी अंगणात बसली, आणि मी स्वयंपाकघरात त्याच्या आईजवळ, अंजनामावशींजवळ. टोपलीत ताजी वांगी होती. सवयीनं मी पातेलं आणि मीठ मागितलं.

मावशी खळखळून हसल्या. "बाप्पा! हे कायले धुवाचे एवढे? घरच्या वाफ्यातले हायेत. याले औषध दाखवत बी नाही आमी. फवारलेलं बाजारात जाते." मग लाडानं माझ्या हनुवटीला हात लावला. "तुह्यासाठी यातलेच तं आणून राह्यला संघदीप! म्हणे, तिले औषधाचं नोको."

क्षणभर मी लाजले. खरंच लाजले! आणि मग अंगाचा तिळपापड झाला. तशीच अंगणात गेले.

"म्हणजे तुले माहीत हाय! काय खायचं नाही ते बरोब्बर माहीत हाय!"

संघदीप उठून उभा राहिला. "काय झालं?"

"मले एकटीले वाचवलं, अन् माह्या बावीस लेकरायच्या घरी ते विकलं? याले प्रेम म्हणते काय रे तू?"

"पोरी, सारेच करतेत," पंजाबराव म्हणाले.

"म्हणून तं सारे खातेत, काका!"

माझे बाबा चपला शोधायला लागले. संघदीप फाटकापर्यंत मागे आला. "डागी वांगं कोणी घेत नाही, पल्लवी. तू बी पहिल्या दिवशी चकचकीतच निवडत होती."

खरं होतं. म्हणून जास्तच झोंबलं.

"असंन. पण फवारल्यावर किती दिवस तोडू नाही, हे डब्यावर लिहिलेलं असते. तेवढं बी थांबता येत नाही? जगासाठी एक वाफा अन् आपल्यासाठी दुसरा... अशा घरात मी येत नाही."

दोन बाजार त्याची जागा रिकामी होती. मी रडले. भाजी धुताना रडलं की कुणाला कळत नाही, एवढाच त्या तीन पाण्यांचा उपयोग.

तिसऱ्या बाजारी लांबूनच आवाज आला. "शेवटची फवारणी वीस दिवसांआधी! हुंगून घ्या!" समोर जेमतेम अर्धा क्रेट.

"अन् हे भोकं?" बेबीबाई वांगं उलटंपालटं करत होती.

"भोकाचा भाग कापून फेका, ताई. औषध कापता येत नाही."

बेबीबाईनं कुरकुरत का होईना, अर्धा किलो निवडायला घेतली. मी पुढे झाले. "कुठं होता इतके दिवस?"

"थांबलो होतो. मुदत सरू दिली. दोन तोडे वाया गेले, झाडावरच पिवळे पडले." त्यानं मान वर केली. "घरच्या वाफ्यासारखं अर्धं वावर करतो म्हटलं औंदा. सारं एकदम नाही जमणार, पल्लवी. खोटं कायले बोलू?"

मी एक भोकाचं वांगं उचललं. "घरचे काय म्हणतेत?"

"बाबूजी बोलत नाहीत. बाजारातले हासतेत. तू बी गेली..." त्याचा आवाज फाटला. "माह्या बाजूनं कोणीच नाही आता."

"कोणीच नाही? मी काय मेली काय? मी हाय ना!"

इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा मिरचीवाला किशन तोलता तोलता थांबला. बेबीबाईचे डोळे मोठे झाले. "अवो बाई... मंग लग्न कधी?"

"याच उन्हाळ्यात!" मी तिच्यावरही खेकसले, आणि संघदीप तिची वांगी तोलायचीच विसरला.